काजळीतली सुई

मैत्रिणींनो, दिवाळी सरली की आपल्या खान्देशात कपाशीच्या गाड्या जिनिंगकडे वळतात. जिनिंगमधून घरी येणाऱ्या माणसाच्या भुवया, कानाच्या पाळ्या आणि सदऱ्याच्या शिवणी पांढऱ्या होऊन येतात. डाळमिलमधून येणारा पिठाने माखून येतो. जळगावच्या एम.आय.डी.सी.त काळे पाइप किंवा चटया बनतात, तिथून येणाऱ्याच्या कॉलरवर काळी रेघ असते. आपण काय करतो? तो सदरा दारात किंवा गच्चीवर नेऊन दोनदा जोरात झटकतो, मग बाकीच्या कपड्यांत टाकतो. झटकलेली धूळ जाते कुठे, याचा विचार सहसा कुणी करत नाही. ती निम्मी हवेत जाते, आणि त्या हवेत सर्वांत जवळ उभी असते ती झटकणारी बाई.

आज ज्या धुळीची ओळख करून द्यायची आहे, ती या सगळ्यांपेक्षा नवी आहे. तिचं नाव कार्बन नॅनोट्यूब. नाव ऐकून पान उलटू नका! वस्तू नवी असली तरी ती आपल्या चुलीवरच्या काजळीच्याच घराण्यातली आहे. आणि तिच्याबद्दलचं शहाणपण आपल्याला एका फार जुन्या, फार महाग पडलेल्या धड्यातून मिळालेलं आहे. तो धडा बायकांनी आपल्या जिवाचं मोल देऊन शिकवला.

सुरळीची वडी आणि नॅनोट्यूब

कोळसा, पेन्सिलीचं शिसं आणि हिरा ही तिन्ही एकाच मूलद्रव्याची रूपं, हे आपण शाळेत शिकलो आहोत. ते मूलद्रव्य म्हणजे कार्बन. पेन्सिलीच्या शिशात कार्बनचे अतिशय पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. त्यातला एकच पापुद्रा घ्यायचा आणि सुरळीच्या वडीसारखा गुंडाळायचा, की झाली नॅनोट्यूब. एकच गुंडाळी असेल तर एकपदरी, आणि एकीत एक अशा अनेक गुंडाळ्या असतील तर अनेकपदरी.

आता तिचा बारीकपणा किती, ते बघा. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. ही नळी मात्र एका नॅनोमीटरपासून फार तर काही दशक नॅनोमीटर एवढीच जाड. लांबी मात्र जाडीच्या शेकडो, कधी हजारो पट. म्हणजे ती धाग्यासारखी किंवा सुईसारखी असते. डोळ्यांना ती दिसतच नाही. तिचे कोट्यवधी तुकडे एकत्र आले की आपल्याला दिसते ती फक्त काळी, हलकी भुकटी. अगदी कंदिलाच्या काचेवरच्या काजळीसारखी.

१९९१ साली जपानच्या सुमिओ इजिमा या शास्त्रज्ञांनी या नळ्यांचं नेमकं वर्णन प्रसिद्ध केलं आणि जगभर धावपळ सुरू झाली. त्यात आपला देशही मागे नव्हता. मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. महेश्वर शॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली चक्क देवघरातल्या कापरापासून कार्बनचे चेंडूच्या आकाराचे रेणू मिळवले, आणि पुढे कापरापासून नॅनोट्यूबही बनवल्या गेल्या. कानपूरच्या आय.आय.टी.तल्या संशोधकांनी २००५ साली दाखवून दिलं की मोहरीच्या तेलाच्या दिव्यावर धरलेल्या काजळीतही या नळ्या सापडतात. आजी ज्या पद्धतीने काजळ धरायची, तीच पद्धत!

"अगं बाई, म्हणजे काजळ घालायचं नाही का?" असं तुमच्या मनात आलं असेल. घाई करू नका. तेलातुपात कालवलेलं काजळ हवेत उडत नाही, त्यामुळे ते फुप्फुसात जात नाही. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नये असं डॉक्टर सांगतात, ते जंतुसंसर्गाच्या आणि काही काजळ-सुरम्यांतल्या शिशाच्या भीतीने. नॅनोट्यूबचा धोका वेगळा आहे. तो कोरड्या, उडणाऱ्या भुकटीचा आहे आणि तो नाकावाटे येतो.

मग हिचं एवढं कौतुक का?

कारण ती गुणाची आहे. वजनाने अगदी हलकी, बळकटीत पोलादाला मागे टाकणारी आणि वीज उत्तम वाहून नेणारी. तुमच्या मोबाइलची किंवा दारात उभ्या असलेल्या विजेवरच्या स्कूटरची बॅटरी घ्या. अशा बॅटऱ्यांत वीज नीट खेळावी म्हणून या नळ्यांची चिमूट घातली जाते. काही प्रकारचं प्लॅस्टिक, रंग, टायर, सायकलींचे हलके सांगाडे आणि खेळाच्या रॅकेटी यांतही ती मिसळतात.

इथे एक गोष्ट मनात पक्की करा. बॅटरीत किंवा प्लॅस्टिकमध्ये घट्ट बसलेली नॅनोट्यूब आपल्याला काही करत नाही. लाडवातली वेलची जशी आपोआप उडून नाकात जात नाही, तसंच हे. तिला भ्यायचं ते तीन वेळा: भुकटीच्या रूपात ती पोत्यातून ओतली जाते तेव्हा, तिच्यापासून बनलेली वस्तू कापली-घासली-दळली जाते तेव्हा, आणि ती वस्तू जाळली जाते तेव्हा. म्हणजे धोका सर्वांत आधी येतो तो कामगाराच्या वाट्याला. आणि कामगाराच्या पाठोपाठ कुणाच्या, ते पुढे बघू.

शरीरातली झाडूवाली

आपलं फुप्फुस काही असहाय नाही. रोज कितीतरी धूळ आत जाते. ती साफ करायला आत भक्षक पेशी फिरत असतात. धुळीचा कण दिसला की त्या त्याला पोटात घेतात आणि बाहेरच्या वाटेला लावतात. गोल कण असेल तर हे काम सहज होतं.

पण समजा तुम्हाला कुंकवाच्या करंड्यात खराट्याची लांब काडी बंद करायची आहे. काडी आत जाते, पण झाकण काही लागत नाही! लांब, ताठ तंतूच्या बाबतीत भक्षक पेशीची हीच गत होते. तंतू तिच्यापेक्षा लांब असतो. तिला तो गिळताही येत नाही आणि टाकताही येत नाही. अर्धवट गिळलेल्या अवस्थेत ती आपल्याजवळचे दाहक रस बाहेर सांडते. आजूबाजूला दाह होतो. तंतू विरघळत नाही, म्हणून दाह थांबत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की तिथे व्रण पडतात, फुप्फुस ताठरतं, आणि कधी पेशींचा तोल जाऊन कर्करोगापर्यंत मजल जाते.

तेव्हा धूळ कशाची बनलेली आहे एवढंच पाहून भागत नाही. ती किती बारीक आहे, किती लांब आहे आणि शरीरात किती टिकते, या तीन प्रश्नांवर सारं अवलंबून असतं. कार्बनच पाहा ना. काळ्या पाइपला काळा रंग येतो तो कार्बन ब्लॅक नावाच्या काजळीमुळे. तिचे कण गोलसर, एकमेकांना चिकटलेल्या द्राक्षांच्या घोसासारखे. तीही नाकात जाऊ नये हेच बरं, पण ती सुई नव्हे. नॅनोट्यूब ही सुई आहे.

२००८ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग केला. काही उंदरांच्या पोटाच्या पोकळीत लांब, सरळ नॅनोट्यूब सोडल्या, काहींच्या आखूड किंवा गुंतवळासारख्या वळलेल्या. लांब, सरळ नळ्यांनी अगदी ॲस्बेस्टॉससारखा दाह केला. आखूड आणि गुंतलेल्या नळ्यांनी तसा केला नाही. त्याच सुमारास जपानमधल्या प्रयोगातही उंदरांत याच धर्तीचा कर्करोग दिसला. पुढे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका जपानी अभ्यासात, दोन वर्षं ही भुकटी श्वासावाटे घेतलेल्या मोठ्या उंदरांच्या फुप्फुसांत कर्करोग आढळला.

या सगळ्याची दखल मोठ्या संस्थांनी घेतली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली अनेकपदरी नळ्यांच्या एका ठरावीक जातीला "माणसात कर्करोग करण्याची शक्यता असलेली" असं म्हटलं. बाकीच्या जातींबद्दल पुरावा पुरेसा नाही, असंही स्पष्ट केलं. माणसांमध्ये नॅनोट्यूबमुळे कर्करोग झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, हेही तितकंच खरं. पण अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने वाट पाहिली नाही. २०१३ सालीच तिने शिफारस केली की आठ तासांच्या पाळीत कामगाराच्या हवेत घनमीटरला एका मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नॅनोट्यूब असू नये.

एक मायक्रोग्रॅम म्हणजे किती? दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी आपली स्वयंपाकघराची खोली घ्या. तिच्यात सुमारे २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे त्या सगळ्या खोलीत मिळून २८ मायक्रोग्रॅम. बारीक मिठाचा एक कण साधारण याच्या दुप्पट वजनाचा असतो! मिठाच्या अर्ध्या कणाएवढी भुकटी खोलीभर पसरली तर ती मर्यादा गाठली गेली.

नेली आणि धुणं धुणाऱ्या बायका

आता तो जुना धडा. ॲस्बेस्टॉस हा दगडातून निघणारा तंतू. जळत नाही, कुजत नाही, कातता येतो, विणता येतो. "जादूचा दगड" म्हणूनच तो जगभर मिरवला. इंग्लंडमध्ये रॉचडेल गावी नेली केर्शॉ नावाची एक मुलगी लहान वयातच या तंतूचं सूत काढण्याच्या कामाला लागली. आपल्याकडे जशी कापसाची गिरणी, तशी तिथे ॲस्बेस्टॉसची. १९२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ती फुप्फुसं निकामी होऊन वारली. तिच्या फुप्फुसांत ॲस्बेस्टॉसचे कण सापडले आणि त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात या रोगाची नोंद झाली. इंग्लंडमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती १९९९ साली. मधली पंचाहत्तर वर्षं हिशेबात धरा.

पण आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट १९६५ सालची आहे. लंडनमध्ये म्युरिएल न्यूहाऊस आणि हिल्डा थॉम्प्सन या दोघी संशोधकांनी मेसोथेलिओमा या दुर्मीळ कर्करोगाचे ७६ रुग्ण निवडून त्यांचा पूर्वेतिहास तपासला. हा कर्करोग फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाला होतो. ७६ पैकी ४० जण एकतर स्वतः ॲस्बेस्टॉसच्या कामावर होते, नाहीतर तसं काम करणाऱ्याबरोबर एका घरात राहिलेले होते. या दुसऱ्या गटात बायका होत्या. त्यांनी कारखान्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांनी फक्त घरच्या माणसाचे कामाचे कपडे झटकले होते आणि धुतले होते.

आणि ही धूळ पहिल्यांदा अंगावर आल्यापासून प्राणघातक आजार उद्भवेपर्यंत किती काळ गेला होता? कमीत कमी १६ वर्षं, जास्तीत जास्त ५५. म्हणजे नवी नवरी म्हणून कपडे धुतले आणि नातवंडं खेळवायच्या वयात आजार आला. इतक्या वर्षांपूर्वीच्या सदऱ्याची आठवण कुणाला राहणार, आणि डॉक्टर तरी ते कुठे विचारणार?

उन्हाळ्यात आपल्याकडे वर्षाची मिरची कांडतात. सगळी आळी खोकते, डोळे चोळते, दारंखिडक्या लावून घेते. मिरची प्रामाणिक आहे, ती लगेच ठसका लावून बजावते. या सुईसारख्या धुळीचा ठसका लागत नाही. तिचा त्रास समजतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून तिच्या बाबतीत "आम्हाला तर काही होत नाही" हा पुरावा धरता येत नाही.

नॅनोट्यूब आणि ॲस्बेस्टॉस एकच, असं कुणी म्हणत नाही. आखूड, गुंतलेल्या नळ्यांचं वागणं बरंच सौम्य दिसतं, काही नळ्या शरीरातल्या रसांनी हळूहळू झिजतात असंही प्रयोगांत आढळलं आहे. पण लांब, ताठ जातीचं तोंडवळा-वळण ॲस्बेस्टॉसशी जुळतं, एवढं कळल्यावर आणखी पंचाहत्तर वर्षं थांबायचं कारण नाही.

आपल्या खान्देशात याचं काय?

एके काळी जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल आणि धुळ्याची न्यू प्रताप मिल यांच्या भोंग्यांवर घरची घड्याळं लागत. कापसाच्या धुळीने छाती भरण्याचा आजार त्या काळच्या गिरणगावांनी पाहिला आहे. सुटीनंतर सोमवारी कामावर गेलं की छाती आवळल्यासारखी होते, ही त्याची खूण. कापसाचा तंतू नॅनोट्यूबसारखा नाही. तो जाड आहे आणि त्याचा आजारही वेगळा आहे. पण जिनिंगमध्ये कापूस निवडायला, सरकी भरायला बसणाऱ्या कितीतरी बायकाच असतात, हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट छपरांची. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा लोखंडी पत्र्यापेक्षा सिमेंटचा पत्रा बरा, म्हणून गोठ्यांवर, गोदामांवर आणि जुन्या घरांवर तो सर्रास दिसतो. या जुन्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉसच असतं. आपल्याकडे त्याचा वापर बंद झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्य हा कामगाराचा मूलभूत हक्क मानला आणि त्यांच्या तपासणीच्या नोंदी निदान ४० वर्षं जपून ठेवायला सांगितलं. ४० वर्षं का, ते आता वेगळं सांगायला नको. चांगल्या स्थितीतला, न फुटलेला पत्रा घरात बसून काही करत नाही. पण त्याला भोक पाडणं, करवतीने कापणं, पावसाळ्याआधी तारेच्या ब्रशने खरवडणं आणि फुटके तुकडे अंगणात भराव म्हणून कुटणं, यात तंतू उडतात.

तिसरी गोष्ट रस्त्याची. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना भेटतात, आणि सुरत-नागपूर रस्ता जळगावलाही येतो. २०१५ साली फ्रान्समधल्या संशोधकांना पॅरिसच्या दमेकरी मुलांच्या फुप्फुसांतल्या पेशींत कार्बन नॅनोट्यूब सापडल्या. मोटारींच्या धुराड्यांतून मिळालेल्या नळ्यांशी त्यांचं साम्य होतं. म्हणजे कारखान्याबाहेरही ही सुई थोड्या प्रमाणात आपल्या हवेत आहेच. ती जिथे काही जळतं तिथे तयार होऊ शकते.

आणि जमिनीचं काय, पाण्याचं काय? या नळ्या सहजी कुजत नाहीत. वस्तू भंगारात गेली, भंगार दळलं गेलं, दाणे करून पुन्हा वितळवलं गेलं, की त्या पुन्हा मोकळ्या होण्याची संधी येते. २००९ साली अमेरिकेत टोमॅटोच्या बियांवर प्रयोग झाला. नळ्यांनी बियांच्या सालीला छेद दिला आणि बिया लवकर रुजल्या. ऐकायला छान वाटतं! पण जी वस्तू बियांच्या सालीतून आत शिरते, ती मातीत सांडू द्यावी की नाही, याचा विचार केळी आणि कपाशीवर जगणाऱ्या मुलखाने तरी नीट करायला हवा.

घरात एवढं करा

यासाठी पैसे फारसे लागत नाहीत, फक्त सवय बदलावी लागते.

१. कामाचे कपडे झटकू नका. हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम. कारखान्यातच कपडे बदलून, पिशवीत बांधून आणायला सांगा. घरी आल्यावर पिशवी बादलीत उलटी करून आधी पाणी ओता, भिजल्यावरच हात लावा. भिजलेली धूळ उडत नाही.

२. हे कपडे वेगळे धुवा. मुलांचे लंगोट, दुपटी, चादरी त्यांच्याबरोबर मशीनमध्ये टाकू नका.

३. यजमान घरी आल्याबरोबर लेकराला उचलून घेतात, हे कितीही गोड वाटलं तरी आधी हातपाय-तोंड धुणं आणि सदरा बदलणं. डोक्याचे केसही विसरू नका.

४. कोरड्या झाडूने फुफाटा करण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. कारखान्याच्या मुकादमालाही हेच सांगावं लागतं: भुकटी सांडली तर झाडू नये, फुंकू नये, ओली करून गोळा करावी.

५. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा पदर मिरचीला उपयोगी पडतो, या धुळीला नाही. २०२० सालच्या साथीत आपण एन-९५ मास्क ओळखायला शिकलो. तसा चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. तरी मास्क ही शेवटची ढाल. पहिली ढाल म्हणजे बंद यंत्र आणि धूळ ओढून घेणारा पंखा, आणि ती देणं मालकाचं काम आहे.

६. बंब पेटवायला टायरचा तुकडा, प्लॅस्टिकची पिशवी, वायरीचं वेष्टण वापरू नका. तांब्याच्या लोभाने वायरी जाळणं तर नकोच. फुगलेली बॅटरी चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या.

७. सिमेंटचा पत्रा बदलायचा झाला तर पाणी मारून, अख्खा उतरवून घ्या. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

८. डॉक्टरांकडे खोकला किंवा धाप घेऊन गेलात तर त्यांनी विचारलं नाही तरी सांगा: घरात कोण कुठे काम करतं, किती वर्षं करतं, आणि त्यांचे कपडे कोण धुतं. हे शेवटचं वाक्य मुद्दाम सांगा.

एक प्रश्न विचारायची सवय

"आम्हाला काय कळतंय पोत्यात काय असतं ते?" असं पुष्कळ जणी म्हणतील. पण कळून घेण्याचा हक्क आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगाराला आपल्या कामातल्या धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क कायद्यात लिहिला गेला. २०२० सालच्या नव्या संहितेतही तो हक्क आहे. धोकादायक रसायनाच्या मालाबरोबर 'सेफ्टी डेटा शीट' नावाचा कागद येतो. त्यात मालाचं नाव, धोका आणि सांडल्यास काय करावं ते लिहिलेलं असतं. यजमानांना एवढंच सांगा, की काळ्या भुकटीच्या पोत्यावरचं नाव वाचून या आणि तो कागद मागा. पोत्यावर कार्बन ब्लॅक लिहिलं आहे की नॅनोट्यूब, हे कळलं तरी पुढच्या काळजीची दिशा ठरते. माणसं संकोच करतात, "मालक काय म्हणतील" म्हणतात. एकट्याने विचारायला जड जात असेल तर चौघांनी मिळून विचारावं. चांगल्या मालकालाही असा प्रश्न उपयोगाचाच असतो, कारण आजारी कामगार त्यालाही परवडत नाही.

आणखी एक घर आहे जिथे हा प्रश्न विचारायला हवा, ते म्हणजे तुमच्या शिकणाऱ्या लेकीचं घर. आज जळगावच्या विद्यापीठात, धुळ्याच्या कॉलेजांत, पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत आपल्या मुली रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान शिकताहेत. उद्या त्यांतल्या कितीतरी जणी बॅटऱ्या, रंग, औषधं यांच्या कारखान्यांत आणि संशोधनात जातील. नेलीच्या हातात तंतू आला तेव्हा तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. आपल्या मुलींच्या हातात काळी भुकटी येईल तेव्हा त्यांना सगळं ठाऊक असायला हवं. ती सुटीत घरी आली की पोटभर खाऊ घाला, भरीत-पुरीचा बेत करा, आणि जेवता जेवता सहज विचारा: "तुमच्याकडे ती भुकटी उघड्यावर तोलतात, की हवा ओढणाऱ्या काचेच्या कपाटात? आणि अंगावरचा पांढरा कोट तू घरी आणतेस, की तिथेच ठेवतेस?"

ती आधी हसेल, "आई, तुला हे कुठून कळलं?" म्हणेल. मग जरा थांबून उत्तर देईल. ते उत्तर नीट ऐकून घ्या. उत्तर "उघड्यावर" असं आलं, तर तिला परत जाताना डब्याबरोबर एवढंही बांधून द्या, की विभागप्रमुखांना लेखी विचार आणि उत्तर येईपर्यंत त्या भुकटीला हात लावू नकोस.